‘आपण’ म्हणण्याइतका राग

त्याने प्लग काढला आणि मी त्याला ‘आपण’ म्हणाले.

माझ्या ताईने हे ऐकलं असतं, तर त्या अनोळखी माणसाची तिला दयाच आली असती. रोज सकाळी प्रार्थना झाली की मी एक व्रत घेते – आज तोंडातून कडू शब्द जाऊ द्यायचा नाही. व्रत मोडत नाही. पण राग कुठेतरी जायलाच हवा ना... तो सगळा माझ्या आदरार्थी बोलण्यात जातो. घरात म्हणतातच, ही ‘तुम्ही’वर आली तर तिला चहा द्या, ‘आपण’वर आली तर घर सोडा.

“आपण आत्ता काय काढलंत?” मी विचारलं.

“प्लग.” त्याच्या दुसऱ्या हातात सोल्डरिंग आयर्न होतं, आणि ते कुठे लावावं हे तो अजून शोधत होता. “मोकळाच वाटला. स्क्रीन काळी होती...”

“आपल्या घरी कुणी डोळे मिटून पडलं असेल तर त्यांचंही आपण असंच करता का?”

तो हसणार होता. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

त्या टेबलावर नवजात बाळांना ठेवतात तशी काचेची पेटी होती. आमची कंपनी त्या बनवते. आतल्या सेन्सरच्या चिपमध्ये वेळ मोजणारा एक आकडा असतो, सतत वाढत जाणारा. एकोणपन्नास दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. सेन्सर आणि पेटीचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम आहे, त्याचं त्या क्षणी काहीतरी चुकतं, असा मला दाट संशय होता. तो खरा की खोटा हे कळायला पेटी न थांबता चालत राहायला हवी होती. ती चालत होती. आकडा भरायला दोन दिवस उरले होते.

आणि या माणसाने प्लग काढला.

तो चिपवाला होता, म्हणजे चिप आणि तारांच्या जोडणीचं काम करणारा, त्याच आठवड्यात रुजू झालेला. दुपारपर्यंत अख्ख्या मजल्यावर त्याचं नाव ‘प्लगवाला’ पडलं, आणि माझ्या ‘आपण’चा अर्थही त्याला कुणीतरी सांगितला. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून समजूत घातली, की पुरावा नाही म्हणजे दोष नाही. पेट्या सोमवारी हॉस्पिटलांना जातील. हवं तर माहितीपुस्तकात ‘महिन्यातून एकदा बंद करून सुरू करा’ असं लिहू. मी म्हटलं, बाळं बदलतात, पेटी बदलत नाही. एक बाहेर येतं तोवर दुसरं आत जातं. ती बंद कोण करणार आणि कधी? ते म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस.

घेतेच. माझी भाची अशाच पेटीत वाढली. ताई काचेला हात लावून बसायची आणि मी पेटीवरच्या तापमानाच्या त्या हिरव्या आकड्याकडे पाहत बसायचे. तो आकडा खोटं बोलू शकतो, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लगवाला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बसला नाही. मीही बसा म्हटलं नाही.

“एकोणपन्नास दिवस कशाला थांबायचं?” तो हळूच म्हणाला. “चिप शून्यापासून मोजायला लागते, कारण तिला तसं सांगितलंय. मी तिला भरायला पाच मिनिटं कमी असतानाच्या आकड्यापासून सुरू करतो. जे फुटायचं ते पहिल्या पाच मिनिटांत फुटेल.”

बरोबर होतं. त्याचा मला आणखीच राग आला.

“आपल्याला हे प्लग काढण्याआधी सुचलं असतं तर...”

“तर तुम्ही माझ्याशी बोलला असतात का?” तो म्हणाला, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

तो वाकून पेटीचं झाकण उघडू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चाचणीसाठी आत ठेवलेल्या रबरी बाहुलीच्या डोक्याखाली त्याने आधी हात घातला आणि मगच ती बाजूला घेतली. खऱ्या बाळाला घेतात तशी... मी नजर वळवली. रागावलेलं असताना असलं काही दिसू नये.

पेटी सुरू झाली. आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना बसलो. खोलीत पंख्याची घरघर आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास.

“ही पाच मिनिटं आहेत तोवर एक सांगू?” तो म्हणाला. “नंतर कळण्यापेक्षा आत्ताच... हा ड्रायव्हर चिपबरोबर आला ना? ती चिप माझ्या आधीच्या कंपनीची. ड्रायव्हर मी लिहिलाय.”

मी काचेवरून वाकून त्याच्याकडे पाहिलं.

“काल रात्री उघडून वाचला. तुमचा संशय खरा असणार.”

त्याच वेळी चिपचा आकडा भरला आणि शून्यावर आला. काहीच झालं नाही, आणि तेच भयंकर होतं. पेटीवरचा हिरवा तापमानाचा आकडा होता तिथेच थांबला, अगदी शांत. तो हव्या त्यापेक्षा जरासा कमी होता, म्हणून हीटर चालूच राहिला. बाहुलीशेजारी मी ठेवलेल्या साध्या थर्मामीटरचा पारा मात्र चढत गेला. ड्रायव्हरला प्रत्येक नवी नोंद जुनी वाटत होती, कारण तिच्यावरची वेळ आधीच्या नोंदीपेक्षा लहान होती. तो एकेक नोंद टाकून देत होता.

“आपण,” मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका खाली गेला की मलाच भीती वाटली, “आपण कधी कुणाला काचेबाहेर बसून वाट पाहताना पाहिलंय का?”

“नाही,” तो म्हणाला. “आज पाहतोय.”

मी साहेबांना बोलावलं आणि त्यांना पेटीत हात घालायला लावला. त्यांनी तो पटकन बाहेर काढला. तरी त्यांनी पुस्तकातल्या सूचनेचं पुन्हा काढलंच. मी नम्रपणे म्हटलं, जरूर लिहा, फक्त खाली आपलं नाव घाला. मग प्लगवाला मध्ये पडला.

“साहेब, चूक माझी आहे, आणि ते मी लिहून देतो. पेट्या थांबवा.”

नवी नोकरी, पहिलाच आठवडा. साहेबांच्या चेहऱ्यावरून हा माणूस इथे टिकेलसं वाटत नव्हतं. तो मात्र बाहुलीच्या अंगावरचं गरम कापड काढत होता.

पेट्या थांबल्या.

दुरुस्तीला आम्ही एकाच टेबलाशी वाद घालत बसलो, खुर्चीवर मी, आणि तो खोक्यावर. तो म्हणाला, मोठा आकडा ठेवू, म्हणजे भरायला युगं लागतील. मी म्हटलं, चिप आपल्या हातात नाही, ती हजारो ठिकाणी बसलीय. मुळात कोणत्या नोंदीची वेळ मोठी हे विचारायचंच कशाला? नव्या वेळेतून जुनी वजा करा आणि त्यांच्यातलं अंतर पाहा. आकडा शून्यावर आला तरी अंतर चुकत नाही, घड्याळात अकरानंतर एक वाजला तरी मधले तास दोनच.

मी लिहिलेल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. “हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.”

“हवं होतं,” मी म्हटलं. राग अजून होता. तो असा एका ओळीत जात नाही.

पेटी पुन्हा पाच मिनिटं आधीपासून सुरू केली. आकडा भरला, शून्यावर आला. हिरवा आकडा हलला... पारा हलला... दोघं एकमेकांबरोबर चालत राहिले. काचेपलीकडून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मी नजर वळवली नाही. माझे डोळे का भरले, हे त्याने विचारलं नाही. नुसता उठला, प्लगवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं – ‘काढणाऱ्याला आपण म्हटलं जाईल.’

मला हसू आलं. तेवढ्यात आवरलं.

“आपण चहा घ्यायचा का?” मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. “अजून... तितका राग आहे?”

“आहे,” मी म्हटलं. “पण हा ‘आपण’ दुसरा. दोघांचा.”

त्याच्या कानांवरची लाली पेटीतल्या पाऱ्यापेक्षा वेगाने चढली.