कोपराची खूण

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी घड्याळजी वाचनालयाच्या पायरीवर बसून उकडलेलं अंडं सोलत होता. आत टेबलावर शिक्का, शाईचं पॅड आणि केळ्यांचा अर्धा फणा होता. समोरून चढ सुरू होत होता. चार किलोमीटर, सात वळणं, आणि वरून खाली येणारा वारा. अंड्याचं कवच त्यानं पायरीवर ठेवलं, तर ते उडून थेट आतल्या टेबलाखाली गेलं.

सायकलवरून दोनशे किलोमीटर जायचं, असा तो कार्यक्रम. सकाळी सहाला सुटायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत जिथून निघालो तिथेच परत यायचं. वाटेत ठरलेल्या जागी कार्डावर शिक्के घ्यायचे. पहिला-दुसरा असला प्रकार नाही. वेळेत आलात तर एक पदक, नाहीतर हात हलवत घरी. असल्या उद्योगाला शहाणी माणसं 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणतात, आणि घड्याळजीची बायकोही पूर्वी तेच म्हणायची. गेल्या वर्षापासून ती काही म्हणत नव्हती.

शिक्का मारणारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले होते. वाऱ्याला कंटाळून नऊ जण इथूनच माघारी फिरले, असं त्यांनी सांगितलं. मग कार्ड परत देताना जरा घुटमळले.

"एकटे जाऊ नका," ते म्हणाले. "दहा मिनिटं थांबा. कुणी आलं की त्याचं चाक धरा."

चाक धरणं म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक वीतभर अंतरावर ठेवून चालवणं. वारा पुढचा खातो, मागच्याचे कष्ट तिसऱ्या हिश्शानं वाचतात. म्हणून पाळ्या असतात. पुढच्यानं पायडलच्या दोनशे फेऱ्या मारायच्या आणि मग उजवं कोपर दोनदा बाहेर झटकायचं. ते दिसलं की मागच्यानं मुकाट्यानं पुढे यायचं. नियमांच्या कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. पण पाळी चुकवणाऱ्याला सायकलवाली माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

घड्याळजी म्हणाला, की तो एकटाच जाईल. गेल्या वर्षी याच टेबलावर मास्तरांनी दोन कार्डांवर शिक्के मारले होते, आणि ते त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुसरं कार्ड दादांचं होतं. दादा म्हणजे घड्याळजीच्या बायकोचा थोरला भाऊ. तीस वर्षं पोस्टमन. सायकल हेच त्यांचं ऑफिस, आणि पाठ अशी रुंद, की मागे छत्री उघडली तरी कोरडी राहिली असती. घड्याळजीला चाळिशीत सायकलवर बसवलं ते त्यांनीच. त्यांच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये चार खिट्ट्या होत्या आणि त्यातली एक तुटलेली होती. पाय थांबवले की ते चाक टक टक टक वाजायचं आणि चौथी टक गायब. तीन टका, एक रिकामी. सगळं आयुष्य घड्याळांना कान लावण्यात गेलेल्या माणसाला ती रिकामी जागा दातात अडकलेल्या काडीसारखी टोचायची. पाच मिनिटांत बसवून देतो म्हणून त्यानं किती वेळा सांगितलं. दादा हसायचे. "राहू द्या हो दाजी. लोकांना कळतं, मी आलो ते."

गेल्या वर्षी या चढावर दादा पुढे होते आणि घड्याळजी मागे. दोनशे फेऱ्या झाल्यावर दादांनी कोपर झटकलं. घड्याळजीला ते स्पष्ट दिसलं. पण छाती फुटायला आली होती, मागे जरा बरं होतं, आणि त्यानं मान खाली घालून न दिसल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला घेऊ, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या खेपेलाही तेच. सात वेळा कोपर हललं, आणि सातही वेळा हा पठ्ठ्या आपल्या हँडलकडे बघत राहिला. दादांनी मागे वळून एकदाही बघितलं नाही. माथ्यावर दगडी कठड्यापाशी ते उतरले, हात कठड्यावर टेकला आणि म्हणाले, "दाजी, तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

घड्याळजी पुढे झाला. सात वाजून एकोणीस मिनिटांनी पोचला, पदक घेतलं. दादा आले नाहीत. सायकल कठड्याला नीट टेकवून ठेवलेली सापडली, कार्ड हँडलच्या पिशवीत. आठ दिवस माणसं दऱ्या धुंडाळत होती. साधा एक बूटसुद्धा मिळाला नाही.

बायकोनं त्याला एकच प्रश्न विचारला होता. लहानपणी दादाच्या मागे मागे सायकल हाणलेली बाई ती, तिला सगळं ठाऊक होतं. "तुम्ही पाळीपाळीनं पुढे होतात ना? दादाला एकट्याला वारा नाही ना खावा लागला?"

"पाळीपाळीनं," घड्याळजी म्हणाला होता.

त्या एका शब्दानं त्याचं वर्ष खाल्लं. दुकानात गिऱ्हाइकांची घड्याळं मागे पडायला लागली, जेवताना बायको समोर बसली की घास तोंडात फिरायचा. म्हणून त्यानं ठरवलं होतं. हा चढ कुणाच्याही आडोशाशिवाय चढायचा, सगळा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, आणि शेवटाला, जिथून सकाळी सुटलो त्या हॉलमध्ये, ती टॉवेल घेऊन उभी असेल तिला खरं काय ते सांगून टाकायचं. नुसतंच सांगायचं तर तोंड उघडत नव्हतं. चढून गेलो तर उघडेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

पहिल्या वळणापर्यंत वारा समोरून होता. दुसऱ्यानंतर तो कडेनं आला आणि सायकल रस्त्याच्या मधोमध ढकलू लागला. तारांच्या कुंपणात शिट्ट्या वाजत होत्या. कानात सतत कुणी कापड फाडत असल्यासारखा आवाज. घड्याळजी फेऱ्या मोजत होता. सवयीनं, दुसरं काही नाही. एकशे नव्वद, एकशे एक्क्याण्णव.

तिसऱ्या वळणाच्या पोटात डोंगराचा आडोसा होता. वारा क्षणभर पडला.

टक टक टक. रिकामी.

त्याला आधी वाटलं, आपलंच चाक. मग लक्षात आलं, की आपले पाय चालू आहेत. पाय चालू असताना फ्रीव्हील वाजत नाही. ते वाजतं पाय थांबल्यावर, उतारावर. त्यानं मुद्दाम क्षणभर पाय थांबवले. त्याचं स्वतःचं चाक वाजलं, एकसारखं, चारही टका पूर्ण. आणि त्याच्या मागे वीतभर अंतरावर ते दुसरं.

कुणीतरी त्याचं चाक धरून चढ चढत होतं, आणि पाय मारत नव्हतं.

घड्याळजी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. बंद पडलेलं घड्याळ आपोआप चालू झालं म्हणून लोक घाबरून घेऊन यायचे, तेव्हा तो झाकण उघडून त्यांना तेलाचा गोळा दाखवायचा. त्यामुळे त्यानं रीतसर विचार केला. साखळी असेल. बाटलीचं झाकण असेल. कुंपणाची तार कुठेतरी खांबावर आपटत असेल. मग आडोसा संपला, वारा पुन्हा अंगावर आला, तारा मागे राहिल्या, आणि आवाज तेवढाच, तिथेच राहिला. सायकल जड झाली होती. गिअर सगळ्यात हलका असूनही मांड्यांना दोघांचं वजन लागत होतं.

मागे बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं. दादांनी तरी कुठे बघितलं होतं.

दोनशे फेऱ्या झाल्या. त्याचं उजवं कोपर आपोआप दोनदा बाहेर गेलं. कुणीही पुढे आलं नाही. चौथ्या वळणाआधी पुन्हा दोनशे झाल्या, पुन्हा कोपर गेलं. तीन टका, एक रिकामी. मागचा मागेच.

"दिसतंय ना?" तो मोठ्यानं म्हणाला. वाऱ्यानं शब्द तोंडातच कोंबले.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्याचं आहे की कशाचं, हे बघायला त्याला वेळ नव्हता. आपण केलं ते असं होतं, हे त्याला आज पायांतून कळत होतं. कोपर झटकायचं, वाट बघायची, मनात म्हणायचं की आता येईल, आणि पुढे वाराच.

पाचव्यांदा. सहाव्यांदा.

कठडा दिसला तेव्हा सातव्यांदा कोपर गेलं.

तो उतरला. उतरावंच लागलं, छातीत सुया टोचत होत्या. हात कठड्यावर टेकला. दगड उन्हात असून गार होता.

मागचा आवाज थांबला.

खाली दरीत ढग नव्हता, पाखरू नव्हतं. पाठीला मात्र वारा लागत नव्हता. मागे कुणी अगदी जवळ उभं असल्यासारखी ऊब होती.

त्याच्या तोंडात शब्द तयार झाले. त्यानं ते जुळवले नव्हते. जिभेवर आपोआप येऊन बसले होते, आणि किती सोपे होते.

तुम्ही व्हा पुढे.

मी आलोच.

त्यानं दात इतके घट्ट दाबले, की कानशिलात कळ आली. हॉलमध्ये ती टॉवेल घेऊन उभी असेल, एवढंच त्यानं डोळ्यांसमोर धरलं. मग सायकलवर बसला आणि निघाला.

उतारावर दोन्ही चाकं वाजत होती. एक पूर्ण, एक अपुरं. सपाटीला लागल्यावरही वारा समोरूनच राहिला. रस्ता दोनदा दिशा बदलून वळला, तरी तो समोरूनच. सत्तर किलोमीटर घड्याळजी कुठेही थांबला नाही. गाव लागलं, दिवे लागले, आणि मग केव्हातरी त्याच्या ध्यानात आलं, की मागचा आवाज येत नाहीये. कधी बंद झाला, ते आठवेना.

हॉलमध्ये त्याच्या कार्डावर वेळ पडली सात वाजून एकोणीस मिनिटं. कार्ड घेणाऱ्या मुलीनं पटकन हात ठेवून टेबलावरचे कागद दाबले. दार बंद होतं.

बायको बाकावर बसली होती, टॉवेल मांडीवर. ती उठली. त्यानं टॉवेल घेतला नाही. आत्ता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, हे त्याला कळत होतं.

"मी गेल्या वर्षी पाळी घेतली नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. दादा खूण करत होते. मला दिसत होती. मी न दिसल्यासारखं केलं."

तिला राग आला असता तर त्याला चाललं असतं. तो त्यासाठीच आला होता.

"किती वेळा?" तिनं विचारलं.

"सात."

तिनं टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "चला घरी."

घर वीस मिनिटांवर. तो सायकल हातात धरून चालू लागला. एरवी ती भराभर चालणारी, नेहमी चार पावलं पुढे, आणि हा मागून 'अगं जरा हळू' म्हणणारा. आज ती मागे राहिली. सांगून टाकलं होतं. हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. हातातल्या सायकलचं चाक वाजत होतं, एकसारखं, चारही टका पूर्ण. त्यानं मुद्दाम कान देऊन ऐकलं आणि त्याला बरं वाटलं.

रस्ता बंद दुकानांचा होता. कडेच्या झाडांचं पानही हलत नव्हतं. एका गॅलरीत वाळत घातलेला सदरा सरळ लोंबत होता. आणि घड्याळजीच्या छातीवर वारा होता. तोच, चढावरचा. पुढे वाकल्याशिवाय त्याला पाऊल टाकवत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी तिला हाक मारावी, असं त्याच्या मनात आलं. पण दिवसभराच्या सवयीनं तोंडाऐवजी कोपरच हललं. दोनदा, बाहेर.

"दिसलं मला," बायको शांतपणे म्हणाली.

ती पुढे आली नाही. तो थांबला, चाकाचा आवाज थांबला, आणि मग त्याला तिच्या चपला ऐकू आल्या. आवाज जवळ येत नव्हता, ती जागच्या जागी पावलं टाकत होती. टक टक टक. आणि एक रिकामी.