वीज तुटली की ठिणगी!

सन २०६८. सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाने वीजजाळं बंद पाडलं आणि केळशेत गावातल्या झाडून साऱ्या विजेच्या गाड्या चार्जिंगविना जागच्या जागी बसल्या. घाटाखालच्या आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांच्या लशी पोचवायच्या होत्या. डब्यातला बर्फ जेमतेम दुपारपर्यंत टिकणार होता. उरली इंदुआत्याची पेट्रोलवरची जुनाट मोटार. तीही सुरू होईना!

"बॅटरी गेली असेल," अकरा वर्षांची केतकी म्हणाली.

"मग इंजिन घरघर फिरलं असतं का?" आत्या म्हणाली. ती निवृत्त शास्त्रज्ञ होती.

"पेट्रोल संपलं?"

आत्याने स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा छोटा भाग) काढून दाखवला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. केतकीचं डोकं चक्रावलं.

प्लग पुसून, त्याची तार जोडून आत्याच्या ठोंब्या यंत्रमानवाने तो रबरी हाताने इंजिनच्या धातूला टेकवला. आत्याने किल्ली फिरवली.

"ठिणगी नाही," ठोंब्या म्हणाला. "तिला हजारो व्होल्ट लागतात. बॅटरी बाराची. मी गोंधळलो आहे."

"ती करामत कॉईलची (तारेच्या दोन वेटोळ्यांची)," आत्याने समजावलं. "जाड तारेतून वीज वाहिली की चुंबकत्व तयार होतं. वीज अचानक तोडली की ते कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात."

केतकी आणखीच गोंधळली. "वीज तोडली की दिवा विझतो. ठिणगी कशी पडेल?"

"वाहता नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन हादरतो ना? तसंच काहीसं."

वीज जोडण्या-तोडण्याचं काम पॉइंट (धातूचे दोन चिमुकले ठिपके) करत. आत्याने त्यांच्यावरचं झाकण काढून किल्ली फिरवली. ते व्यवस्थित उघडत-मिटत होते.

"तोडताहेत की बरोबर!" केतकी रडवेली झाली. मग थबकली. "ठोंब्या, ते मिटलेले असताना वीज वाहते का?"

ठोंब्याने मोजलं. "अजिबात नाही."

"अगं आत्या, वाहिलीच नाही, तर तुटणार काय?"

आत्याने वाकून पाहिलं. ठिपक्यांवर वीज अडवणारं काळं पुट चढलं होतं. केतकीने बारीक पॉलिश पेपरने ते हलकेच घासलं. झाकण लावून आत्याने किल्ली फिरवली. चट्! निळी ठिणगी!

प्लग बसवताच मोटार खोकली, थरथरली आणि चक्क गुरगुरू लागली.

आरोग्य केंद्रात नर्सताईंनी डबा उघडला, तेव्हा बर्फ अजून घट्ट होता.

परतीच्या वाटेवर केतकीने विचारलं, "आत्या, बारीक तारेचे वेढे दुप्पट केले तर?"

"मलाही बघायचंय," आत्या म्हणाली. "उद्या तूच गुंडाळ तार."