पावसाच्या पाण्याची थांबायची जागा

"समोर एवढी मोठी खाडी आहे. मग पाणी तिकडे जायचं सोडून आमच्या अंगणात का साचतंय?"

हर्षालीने हे बगळ्याला विचारलं. बगळा म्हणजे खारवलीच्या ग्रामपंचायतीचा यंत्रमानव. पाय लांब आणि काटकुळे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. भर दुपारच्या पावसात तो घरोघरी पाणी मोजत फिरत होता.

हर्षालीचं घर गावात सगळ्यात सखल जागी होतं. दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. तिसरी बुडाली की पाणी आत शिरणार. आत झोळीत तिचा तान्हा भाऊ झोपला होता.

"खाडीला उधाण (नेहमीपेक्षा मोठी भरती) आलंय," बगळा म्हणाला. "त्यामुळे उघाडी (बांधातलं एकाच बाजूला उघडणारं दार) मिटली आहे."

"मग उघड की!" शेजारचा प्रणीतदादा ओरडला.

"आत्ता खाडीचं पाणी गावातल्या पाण्याहून उंच आहे. दार उघडलं तर खाडीच आत येईल. ओहोटी लागेपर्यंत पावसाच्या पाण्याला थांबावं लागेल."

"थांबेल कुठे? आमच्या घरात?" आईने झोळी वर बांधायला घेतली.

बगळ्याने मान शाळेमागे वळवली. तिथे लाल खांबांच्या आत पाणथळ (पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी सखल जमीन) होती. तिथे कुणीही भराव घालायचा नाही, असा ग्रामसभेचा नियम होता. उन्हाळ्यात प्रणीतदादाच्या टीमने खेळपट्टीसाठी तिथे टोपल्या भरभरून राडारोडा टाकला होता. बगळ्याने तो सगळा परत काढायला लावला, तेव्हा हर्षालीने त्याला 'खडूस डबडं' म्हटलं होतं.

आता पाणथळ काठोकाठ भरली होती. सगळे तिसऱ्या पायरीकडे बघत राहिले. पाणी तिच्या कडेला टेकलं आणि तिथेच थबकलं. मग बांधाकडून धबधब्यासारखा आवाज आला. ओहोटी लागली होती, उघाडी उघडली होती. हळूहळू दुसरी पायरी दिसू लागली.

आई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली.

"म्हणजे आम्ही राडारोडा काढला म्हणून घर वाचलं?" प्रणीतदादाने छाती फुगवली.

"नाही. तुमच्या टोपल्यांनी पाणी जेमतेम नखभर चढलं असतं."

"मग आमची कंबर उगाच मोडलीस?"

"तुमच्यानंतर सरपंचबाई आल्या. त्यांना तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मग दवाखान्याला गोदाम हवं होतं. तुम्हाला नाही म्हटलं होतं, म्हणून त्यांनाही नाही म्हणता आलं. सगळ्यांचा भराव मिळून पाणी झोळीपर्यंत पोचलं असतं."

हर्षालीने झोळीकडे पाहिलं. बाळ अजून झोपलेलंच होतं.

"पुढे समुद्र अजून चढणार, असं शाळेतल्या बाई म्हणतात," ती म्हणाली. "मग पाण्याला अजून जागा लागेल ना?"

"लागेल. पुढच्या ग्रामसभेत तूच विचार."

"विचारीन. पण आमच्या क्रिकेटचं काय?"

"फाल्गुनात पाणथळ कोरडी पडते. खेळायला नियमाची हरकत नाही. फक्त जाताना स्टंप उपटून न्यायचे."

"चालेल," हर्षाली म्हणाली. "अंपायर तू. तुझ्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे."