छाटलेले दशांश

पांढरकवड्याला हायवेवर अब्बांचं गॅरेज आहे. ट्रकच्या प्रत्येक चाकाखाली वजनाची पाटी सरकवायची आणि कुठल्या चाकावर किती भार येतो ते कॉम्प्युटरवर पाहायचं. तो प्रोग्राम मी लिहिलाय, त्यामुळे काही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडेच बघतात.

त्या दुपारी एका रिकाम्या ट्रकचं वजन आपोआप वाढत होतं. थोडंथोडं, फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर. केबिनमध्येही कोणी नव्हतं.

माझा धाकटा भाऊ इमरान हाच ट्रक हैदराबादला नेणार होता. त्याची पहिलीच नोकरी. मी वजन बरोबर म्हटलं की तो निघणार.

"आधीचा ड्रायव्हर काहून सोडून गेला?" मी अब्बांना विचारलं.

"ट्रकचा मालक सांगत नाही. तू तुयी मशीन पाह्य."

मला दशांशांचा संशय आला. कॉम्प्युटर शेवटचे अंक छाटतो; सतत बेरजा होत राहिल्या की ती कात्रणं साचतात आणि उत्तर सरकतं. मी आकडे जास्त अंकांनी साठवले. फरक पडला नाही. मग दशांशच काढून टाकले, सगळं पूर्ण ग्रॅममध्ये मोजलं. आता चूक साचायला जागाच नव्हती. शेजारचा टेम्पो पाट्यांवर घेतला, त्याचं वजन जागचं हललं नाही. पाट्यांची अदलाबदल करून ट्रक पुन्हा चढवला.

आकडा त्याच चाकावर चढत गेला आणि एका माणसाच्या वजनाइतका वाढून थांबला. प्रोग्राम बरोबर होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"आपा, झालं का? मले निघा लागते," म्हणत इमरान केबिनमध्ये चढला. सीट करकरली.

आकडा हलला नाही.

"उतर!" मी ओरडले.

तो उतरला. आकडा तसाच.

"अशी काहून पाहून राह्यली?"

मी एक सुटी पाटी त्याच्या पायाशी टाकली. "याच्यावर उभा राह्य."

तो हसत चढला. दोन्ही पाय नीट ठेवले. पडद्यावर शून्य.

अब्बांनी त्याच्या पायाशी, त्याच पाटीवर पाना ठेवला. पडद्यावर पान्याचं वजन दिसलं. फक्त पान्याचं.

इमरान आता हसत नव्हता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"किती भरलं, आपा?"

आवाज केबिनमधून आला.