पुसून गेलेलं नाव

पवनीच्या सराफा गल्लीत अनुपची पिशवी फाटली आणि आतली चांदीची किटली घरंगळत कामिनीच्या दुकानाशी गेली. लाकडी मूठ निखळली.

"चहाची आहे का?" तिने ती उचलून विचारलं.

"कॉफीची. जुनी आहे. मी जमवतो अशा."

"मंग कॉफी लय पेत असान तुमी."

"नाही... चहाच."

ती हसली, आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

अनुप नागपूरहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेला. कामिनी वडिलांच्या दुकानात चांदीची भांडी दुरुस्त करायची. मूठ तिने तासाभरात बसवली, तरी दर शनिवारी अनुप नवी किटली घेऊन हजर.

"हिले तर काईच झालं नाही सर."

"नीट बघा ना."

ती किटलीकडे बघायची, तो तिच्याकडे.

श्रावणात त्याला कामठीच्या एका भंगारवाल्याकडे फारच दुर्मीळ किटली मिळाली. पार काळवंडलेली, बुडाशी कारागिराचा ठसा, पोटावर नाजूक कोरलेलं कुणा बाईचं नाव. तोटी तेवढी गळत होती. ती कामिनीकडे ठेवून तो दोन दिवस घरी गेला.

कामिनीने तोटी सांधली. मग — त्याला आनंद व्हावा म्हणून — किटली पॉलिशच्या मशीनवर धरून आरशासारखी लखलखीत केली. झिजलेला ठसा गेला. नावही गेलं.

"कशी दिसून राहिली?" तिने हौसेने विचारलं.

अनुपने किटली फिरवून पाहिली. "समजत नाही तर कायले हात लावायचा?" भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर तो बोलला.

"चुकलं माहं," कामिनी म्हणाली. मान वर केली नाही.

अनुप दुकानाकडे फिरकेना; आधी रागाने, मग लाजेने. दिवाळी उलटल्यावर अनुप एकदाचा दुकानाची पायरी चढला.

"माफी मागायला आलो. आणि... त्या किटल्या निमित्त होत्या, कामिनी. तुम्ही मला आवडता."

तिने हातातली तार गुंडाळून बाजूला ठेवली.

"माहा साखरपुडा झाला सर. तुमसरच्या पोराशी."

"मी थोडं आधी आलो असतो तर..."

"मी वाट पाह्यली ना. चार शनिवार पाह्यली. पाचव्या शनिवारी बाबाले हो म्हटलं."

त्या पाचव्या शनिवारी अनुप गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला होता... दुकानात गिऱ्हाईक दिसलं म्हणून परत फिरला होता.