आवाजाचं कलम

कलम अकरा तिथं असायलाच नको होतं.

नेदा त्सांकोवानं चष्मा पुसून पुन्हा लावला. पडद्यावरचं पान तेच होतं. वर तारीख गेल्या वर्षीच्या एप्रिलची, आणि मध्ये ठसठशीत ओळ: 'वापरकर्त्याने नोंदवलेला आवाज कंपनी आणि तिचे भागीदार कोणत्याही व्यापारी कामासाठी वापरू शकतील.'

"काय झालं गं?" समोर बसलेल्या वेलिचका मावशींनी विचारलं. "चेहरा का उतरला?"

"मावशी, हे कलम कंपनीनं या जानेवारीत घातलं. तुमच्या तक्रारीनंतर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं."

"मग?"

"मग आता आमचंच कपाट सांगतंय, की ते पहिल्या दिवसापासून होतं."

गुरुवारी ग्राहक आयोगापुढे सुनावणी होती. आज सोमवार.

नेदा वकील. बल्गेरियातल्या रूसे शहराच्या पेठेत, चपलांच्या दुकानावरच्या एका खोलीत, ती आणि तिचे दोन साथीदार 'जुनं पान' चालवायचे. कंपन्या आपल्या अटी आणि गोपनीयतेची धोरणं गुपचूप बदलतात आणि वर साळसूदपणे म्हणतात, आधीपासून हेच होतं. म्हणून यांचं यंत्र रोज पहाटे शेकडो कंपन्यांची ती पानं उतरवून तारखेसकट साठवायचं; त्या साठ्याला हे 'कपाट' म्हणायचे. एक शब्द जरी हलला, तरी जुनं पान डावीकडे, नवं उजवीकडे. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. ही पानं न वाचताच सगळं जग 'मान्य' दाबतं, त्यात तुम्ही-आम्ही सगळे आलो. ही तीन माणसं तेवढी वाचायची. कंपन्या त्यांच्यावर दात खाऊन होत्या, आणि नेदाला त्याचा भारी आनंद होता.

वेलिचका मावशींची नात स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात. तिला झोपताना गोष्ट ऐकवायची म्हणून मावशींनी गेल्या एप्रिलात 'प्रिकाझ्को' नावाचं ॲप घेतलं. आजीनं एकदा आवाज नोंदवायचा, ॲप त्या आवाजात रोज नवी गोष्ट सांगणार. पण नोव्हेंबरपासून तोच आवाज शहरातल्या म्हाताऱ्यांना फोन करून गुडघेदुखीचं मलम विकायला लागला. मावशींची शेजारीण पेना, तिनं मैत्रिणीच्या शब्दावर ते चोळलं आणि तिच्या गुडघ्यांवर फोड आले. तेव्हापासून पेनाचं दार बंद. मावशींचा फोन आला, की आवाज ऐकताच ती ठेवून द्यायची.

"म्हणे 'प्रिय शेजारणी'!" मावशी उसळल्या. "जन्मात मी त्या चोंबडीला प्रिय म्हटलेलं नाही! एवढंसुद्धा कळू नये तिला? मला बाकी काही नको, नेदा. माझा आवाज मला परत पाहिजे. मी तोंड उघडलं की लोक फोन ठेवतात. मग मी मेले काय आणि जगले काय!"

कंपनीचं उत्तर त्याच सकाळी आलं होतं. सोबत त्या एप्रिलच्या पानाची प्रत. खाली 'जुनं पान'चा शिक्का, आणि त्याखाली कंपनीच्या संचालकाची सही: 'त्या तारखेला आमच्या संकेतस्थळावर हेच पान होते.' मागेल त्याला प्रत द्यायची, हा 'जुनं पान'चा नियमच. चोरानं चोरी यांच्याच घरात केली होती आणि पावतीही यांच्याकडूनच घेतली होती.

नेदानं आधी स्पासला बोलावलं. स्पास म्हणजे यंत्राचा बाप. अगडबंब, तोंडाचा फटकळ, मनगटावर तिकडे मार्चमध्ये शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा.

"जुनी पानं बदलायची किल्ली कुणाकडे?"

"आपल्या तिघांकडे."

"यंत्र चुकलं असेल?"

"यंत्र बंद पडतं. स्वतःहून कलमं रचत बसत नाही. कुणीतरी एप्रिलचं पान काढून तिथं जानेवारीचं ठेवलंय, तारीख मात्र जुनीच. आणि जानेवारीतल्या बदलाची नोंद पुसलीय."

"बाहेरच्या कुणी?"

"बाहेरच्याला कुठं काय पुसायचं ते कळलं नसतं."

"तुझा मेव्हणा प्रिकाझ्कोत आहे, स्पास."

स्पासचे कान लाल झाले. "आहे ना. बसतो तिकडे कर्नलच्या रस्त्यावर, त्या काचेच्या डबड्यात. बहिणीच्या लग्नापासून आमचं बोलणं नाही. आडून कशाला विचारतेस? सरळ विचार!"

"तू केलंस?"

"नाही!" तो म्हणाला, आणि दार असं आपटून गेला की खालच्या दुकानदारानं छताला काठी ठोकली.

दुसरा साथीदार यावोर. तरुण वकील, जानेवारीत सोफियाहून आलेला, नीटनेटका, बोलायला मधाळ.

"कंपनीला शिक्क्याची प्रत तू दिलीस?"

"हो. त्यांनी मागितली, नियमाप्रमाणे दिली."

"देताना वाचलीस?"

"शब्दन् शब्द. पहिल्या ओळीपासून तळाच्या पत्त्यापर्यंत. मला काहीच वावगं दिसलं नाही, नेदाताई. खरं सांगू? तुम्हाला दुसऱ्या एखाद्या कंपनीचं आठवत असेल. इतकी पानं बघता तुम्ही."

"त्यांच्या ऑफिसात कधी गेला होतास?"

"एकदाच, नोटीस द्यायला. दोचेवा रस्त्यावर, ती काचेची इमारत. दारातूनच परतलो."

"आणि स्पासबद्दल काय वाटतं?"

"मी कशाला कुणावर बोट ठेवू?" यावोर म्हणाला, आणि ठेवलंच. "पण नोंदी पुसायचं काम कुणाला जमतं, ते तुम्हीच बघा."

त्या संध्याकाळी नेदा घरी जाऊन नुसती बसून राहिली. आपल्याला खरंच भलतंच आठवतंय का? हिरव्या रंगातलं ते कलम तिनं पाहिलं होतं, तावातावानं शिव्याही दिल्या होत्या. पण प्रत वेगळी काढून ठेवली नव्हती. लोकांना 'प्रत ठेवा, प्रत ठेवा' म्हणून कंठशोष करणारी बाई स्वतः गाफील राहिली. तिला स्वतःचा संताप आला. आणि मग त्याहून जास्त संताप त्या कंपनीचा आला, कारण माणसानं स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यावी, हाच तर यांचा सगळा धंदा.

मंगळवारी मावशी पिशवीभर कागद घेऊन आल्या.

"हेही ठेव. फेब्रुवारीत त्यांना रजिस्टर पत्र पाठवलं होतं मी. माझ्या दारापासून चार दारं सोडून त्यांचं ऑफिस! तरी पत्र परत. बघ काय खरडलंय."

पाकिटावर कंपनीचा शेरा होता: 'कर्नल ग्रोमोव रस्ता असा पत्ता अस्तित्वात नाही. स्वीकारले नाही.'

"अस्तित्वात नाही म्हणे! मग मी लग्न झाल्यापासून राहतेय कुठं, हवेत? ऑक्टोबरात नगरपालिकेनं पाटी बदलली म्हणून काय झालं? ती कोण गायिका, तिचं नाव दिलं. त्याविरुद्ध तुझ्या त्या स्पासनं सह्या गोळा केल्या होत्या, मीही केली. सगळं गाव अजून कर्नलच म्हणतं. पोस्टमनसुद्धा!"

नेदा कागद चाळता चाळता थांबली. तिनं कंपनीनं पाठवलेली प्रत ओढली आणि या वेळी कलम अकराकडे बघितलंही नाही. पान उलटून पार तळाशी गेली. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"मावशी, त्यांनी तुमचं पत्र परत केलं ना, फार बरं केलं."

बुधवारी दुपारी तिनं तिघांना खोलीत बसवलं. कोपऱ्यावरच्या बेकरीतून बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, आणली होती. स्पास फुगून खिडकीशी बसला होता, यावोर वही-पेन काढून तयार.

"आज फक्त वाचन," नेदा म्हणाली. "एप्रिलचं पान. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मावशी, तुम्ही वाचा, तुमच्या गोष्टीच्या आवाजात. कुणाला काही खटकलं तर थांबवायचं."

मावशींनी घसा खाकरला. कलमामागून कलम, राजाराणीची गोष्ट सांगावी तसं त्या वाचत गेल्या. अकरावं वाचताना आवाज थरथरला, पण थांबला नाही. शेवटी तळाची ओळ आली.

"कंपनीचा नोंदणीकृत पत्ता: दोचेवा रस्ता, रू..." मावशी अडखळल्या. "हे काय? ही बया इथं कुठून आली?"

"थांबा!" स्पास ताडकन उठला. "एप्रिलात दोचेवा? एप्रिलात कर्नल होता!"

"यावोर," नेदानं शांतपणे विचारलं, "तुला काही खटकलं?"

यावोर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "पत्ता बरोबर आहे की. दोचेवा रस्ताच ना तो? कर्नल कोण?"

खाली रस्त्यावर चपलांचा दुकानदार गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता.

"हा प्रश्न रूसेचा माणूस विचारणार नाही," नेदा म्हणाली. "ऐक आता. कंपनीनं जानेवारीत कलम घातलं, तेव्हा तळाचा पत्ताही नवा करून घेतला. ज्यानं ते पान उचलून एप्रिलच्या जागी ठेवलं, त्यानं पत्त्यासकट उचललं. स्पासनं हे केलं असतं तर? हा माणूस त्या पाटीविरुद्ध दारोदार हिंडलाय. दोचेवा हे नाव दिसलं की अजून शिव्या देतो. त्याच्या नजरेला ते खुपलं नसतं?"

"खुपलं असतं," स्पास गुरगुरला. "मी तळापर्यंत वाचलंच नाही. लाज वाटते."

"मीही नाही वाचलं. आपण दोघं कलम अकराच बघत बसलो. यावोरनं मात्र तळाच्या पत्त्यापर्यंत वाचलं, तो स्वतःच म्हणाला. आणि त्याला काही दिसलं नाही, कारण तो आला तेव्हा पाटी बदललेली होती. त्याच्यासाठी तो रस्ता पहिल्यापासून दोचेवाच. सोमवारी माझ्यासमोर त्यानं तेच नाव घेतलं. या गावात ते नाव मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकलं, आणि माझं लक्ष नव्हतं. किल्ली तिघांकडे. मी केलेलं नाही, स्पासनं केलेलं नाही."

"पण नोंदी पुसायला मला कुठं..."

"मी शिकवलं तुला!" स्पास ओरडला. "फेब्रुवारीत. चुकून दोनदा उतरलेली पानं काढून टाकायची म्हणून विचारायला आला होतास. मी गाढव, चहा पाजून शिकवलं!"

यावोरनं हातातल्या पेनला टोपण लावलं. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चढला.

"बरं, मी केलं. ते मला सोफियातल्या ऑफिसात घेणार होते. काय बिघडलं? कोण वाचतं हो ही पानं? या मावशींनी तरी वाचलं होतं का? सगळे डोळे मिटून मान्य दाबतात. एका म्हातारीच्या आवाजासाठी तुम्ही जगाशी भांडणार?"

"हो," नेदा म्हणाली. "लोकांना वाचायला वेळ नाही, म्हणूनच त्यांच्या वतीनं वाचायला आपण बसलो होतो. त्या एका भरवशावर ही खोली उभी आहे, आणि तो तू विकलास. किल्ली ठेव आणि चालू लाग."

तो गेल्यावर मावशींनी हळूच विचारलं, "पण आता उद्याचं काय? खरं पान तर गेलंच ना?"

"गेलं तर गेलं. हे खोटं पान आपण नाकारायचंच नाही. तेच पुढे करायचं. संचालकानं स्वतः सही करून दिलीय की एप्रिलात हेच पान होतं. आणि आमच्या घरात चोरी झाली, चोर घरचाच होता, हेही आपणच आधी सांगायचं."

"लोक म्हणतील, यांचं कपाटच कुजकं," स्पास म्हणाला.

"म्हणू देत. चुका लपवायला आपण काय कंपनी आहोत?"

गुरुवारी आयोगापुढे नेदानं आधी स्वतःच्या घरातली चोरी सांगितली. कंपनीचे वकील गालातल्या गालात हसले. मग तिनं संचालकांना एकच विचारलं: गेल्या एप्रिलात तुमचं ऑफिस कुठल्या रस्त्यावर होतं? ते म्हणाले, आहे तिथंच, दोचेवा रस्त्यावर. नेदानं नगरपालिकेचा ऑक्टोबरचा ठराव ठेवला. त्यांची सही असलेलं पान ठेवलं. आणि वर मावशींचं परत आलेलं पाकीट ठेवलं, ज्यावर कंपनीनं स्वतःच्या हातानं बजावलं होतं, की नावं कशी काटेकोर लिहायची असतात. वकिलांचं हसू तिथंच विरलं. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला: आवाज पुसा, फोन आजपासून बंद, आणि सही करणाऱ्यांची चौकशी.

मावशी घरी आल्या, डोक्याचा रुमालही न सोडता त्यांनी फोन फिरवला. सोबत आलेली नेदा दाराशी उभी होती. भिंतीपलीकडे घंटी वाजलेली दोघींना ऐकू आली.

"कोण?" पेनाचा आवाज.

"मी वेलिचका."

पलीकडे शांतता. फोन ठेवायच्या आधीची ती शांतता आता मावशींना ओळखीची झाली होती.

"अगं ए चोंबडे!" मावशी कडाडल्या. "ठेवशील तर याद राख! नाताळापासून माझं बानित्साचं ताट दाबून बसली आहेस, ते काय गुडघ्याला बांधतेस? दार उघड!"

पलीकडे कुणीतरी हुंदका दिला की हसलं, ते कळलं नाही. मग भिंतीपलीकडे चपला फरफटल्या आणि कडी निघाली.