पाच वॅटचा कुरियाच्चन

स्वयंपाकघरात माझ्या बायकोचा, एल्सीचा मिक्सर वीज कमी पडून रडायला लागला की समजायचं, मी माईकचं बटण दाबलंय. "इच्चाया, तुमची दुनिया फिरून होईपर्यंत माझं खोबरं वाटून व्हायचं नाही!" ती आतून ओरडायची. आमच्याकडे नवऱ्यालाही इच्चाया म्हणतात आणि थोरल्या भावासारख्या माणसालाही. मी कशाला लक्ष देतोय! डोंगराच्या टोकावर घर, मागे उंच मनोऱ्यावर अँटेना, आणि टेबलाखाली मी स्वतः बांधलेला, दोन रशियन व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. हॅम रेडिओच्या परवान्यात लिहिलेल्या ताकदीच्या चौपट तरी असेल. वीज मंडळात इंजिनिअर म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला कोण विचारणार? ब्राझीलचे लोक मला म्हणायचे, ईपन, तू शेजारच्या खोलीतून बोलतोयस की काय. ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

खाली दरीत, चहामळा संपतो तिथे, कुरियाच्चन राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचाही रेडिओचाच नाद, पण सेट जेवणाच्या डब्याएवढा, मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारा. पाच वॅट.

"पाच वॅटमध्ये काजवा तरी पेटतो का रे?" मी चिडवायचो.

"ईप्पच्चा, तुला देवानं तोंड दिलं आणि कान द्यायला विसरला," तो म्हणायचा आणि माझ्याच ताटातला कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, उचलून खायचा. असा आमचा दोस्ताना.

ऑगस्टमध्ये दरड आली. आदल्या रात्रीपासून पाऊस, दुपारी फोनचे मनोरे बंद, आणि संध्याकाळी अर्धा डोंगर कुरियाच्चनच्या घरावर. त्याची बायको अच्चाम्मा बहिणीकडे कोट्टयमला गेली होती म्हणून वाचली. गावातल्या पोरांनी चिखल उपसला तेव्हा तो रेडिओच्या टेबलाशी बसलेला सापडला.

त्या संध्याकाळी रेडिओवाल्यांची जागतिक स्पर्धा चालू होती आणि पॅसिफिकमधल्या एका दुर्मिळ बेटावरून कुणीतरी बोलत होतं. मी त्याच्याच मागे लागलो होतो. दुसरीकडे कुठे जागा मिळेना म्हणून आमच्या केरळच्या मंडळींच्या रोजच्या फ्रिक्वेन्सीवरच ठाण मांडलं. आमच्यात रीत अशी, की बोलण्याआधी विचारायचं: इथे कुणी आहे का? मग थांबायचं. पुन्हा विचारायचं. मगच बटण दाबायचं. पाच वॅटवाला कुठेतरी बोलत असेल तर त्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा, म्हणून. बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

मी विचारलं नव्हतं. बाकीची मंडळी माझा आवाज ऐकून निमूट दुसरीकडे गेली असणार.

मातीच्या दिवशी, दफनभूमीच्या फाटकाशी अच्चाम्मानं मला गाठलं. "इच्चाया, त्यानं हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली असती ना? तुमचं यंत्र एवढं मोठं."

"मी ऐकतच होतो," मी म्हणालो. "कुणी हाक मारली नाही गं."

तिनं मान डोलावली. केवढं बरं वाटलं तिला! आणि मला त्या दिवसापासून घास गिळवेना.

शेवटी, कुरियाच्चनची हाक मला खरंच ऐकू आली नसती, याची स्वतःचीच खात्री करून घ्यायची ठरवली. तीच वेळ, तीच फ्रिक्वेन्सी. ॲम्प्लिफायर तापवला, बटण दाबून त्या बेटाला नेहमीसारखी हाक दिली आणि कान लावून बसलो. खरखर. मग सात-आठ सेकंदांनी माझीच हाक परत आली.

प्रतिध्वनी कधीमधी येतो. लाटा पृथ्वीला वळसा घालून येतात, पण त्याला डोळ्याची पापणी लवेल एवढाही वेळ लागत नाही. सात-आठ सेकंदांत त्या चंद्रावर जाऊन परततील, तेही दोन-तीनदा. वायर तपासली, जोडण्या तपासल्या, कुणी चेष्टा करतंय का पाहिलं. ॲम्प्लिफायर काढून नुसत्या सेटवर बोललो तर काही परत येईना. ॲम्प्लिफायर लावला की येई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. माझा आवाज परत आला, आणि त्याच्या मागे पत्र्यावर पाऊस कोसळत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. मग त्याच आवाजामागून, लांबून, एल्सी काळ्या कॉफीसाठी बोलावत म्हणाली, "इच्चाया, कट्टन कापी गार होतेय!"

एल्सी त्या वेळी चर्चमध्ये होती.

ती परत आल्यावर मी विचारलं, कापी गार होतेय असं कधी म्हणालीस? "रोजच म्हणते," ती म्हणाली. मग म्हणाली, "दरडीच्या संध्याकाळी दोनदा म्हणाले. तुम्ही ऐकलंच नाहीत."

 मी यंत्राचा प्लग काढला आणि ठरवलं, बस्स झालं.

पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अच्चाम्मा आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. एल्सीनं तिला खुर्ची दिली, कापी दिली. अच्चाम्मानं टॉवेल सोडला. कुरियाच्चनचा सेट. बटणांच्या फटींत लाल माती वाळलेली, बॅटरीच्या तुटक्या वायरी लोंबत होत्या. दर्शनी बाजूचा, येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणारा काटा डाव्या टोकाला, शून्यावर पडला होता.

"मला याचं काय कळतंय," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहू दे. फक्त एकदा तुमचं यंत्र लावा, इच्चाया. त्यानं शेवटी जे ऐकलं असेल, ते मला ऐकायचंय."

"आज हवा चांगली नाही."

"लावा हो," एल्सी म्हणाली. "एवढी खालून चढून आलीय बिचारी."

काय सांगणार होतो? प्लग लावला. व्हॉल्व्ह लाल झाले. हाक दिली, बटण सोडलं.

स्पीकरमधून पाऊस आला. मग मी. माझा तो मोठा, खूश आवाज, बेटाला बोलावणारा. एक हाक संपली, आणि दुसरी सुरू व्हायच्या आधी, त्या एवढ्याशा फटीत, कुणीतरी बोललं.

"ईप्पच्चा."

अच्चाम्माच्या हातातला कप तसाच राहिला.

माझी हाक. मग फट.

"जरा थांबतोस का?"

माझी हाक. या वेळी जास्त लांब. मला आठवलं, बेटानं उत्तर दिलं नाही म्हणून मी चिडलो होतो.

फट.

"मागची भिंत गेली. कुणाला तरी कळव—"

माझी हाक त्याच्यावर पडली. मी ओरडलो, "गप बस!" कुणाला ओरडलो? स्वतःलाच. तो आवाज थोडाच ऐकणार होता! तो हाका मारतच राहिला. माझं बोट बटणावर नव्हतं. मी दोन्ही हात वर धरले होते, एल्सीनं पाहिलंय.

मग एक जरा मोठी फट आली. त्या वेळी बहुधा मी कापीचा घोट घेत होतो.

आमच्यात आणखी एक रीत आहे. समोरच्याला त्याचा आवाज कसा येतोय ते सांगायचं, खरं खरं सांगायचं. कुरियाच्चननं ती कधी चुकवली नाही.

"तुझा आवाज इथे दणदणीत येतोय, ईप्पच्चा," तो म्हणाला. दमला होता. "तुझ्याशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नाही."

मी प्लग उपटला. स्पीकर गप्प झाला.

अच्चाम्मा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप खाली ठेवला, पदर सारखा केला.

"तुम्ही तर ऐकत होतात, इच्चाया," ती म्हणाली, आणि उतार उतरून निघून गेली. एल्सी तिच्या मागे धावली. दोघींपैकी कुणीच मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिथेच बसून राहिलो. माझी वायर माझ्याच हातात होती. टेबलावर टॉवेलात कुरियाच्चनचा सेट होता, बॅटरी नसलेला, मातीनं भरलेला.

त्याचा काटा उजव्या टोकाला जाऊन टेकला होता. अजून खाली आलेला नाही.